विचारलं तेवढंच

आत्या,

परवा मी बोलले. माणसांनी भरलेल्या खोलीत, मराठीत, कुणी मला काही विचारलेलं नसताना. तू असतीस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतंस.

काय बोलले ते सांगतेच. पण ते एकदम सांगितलं तर तुला आवडणार नाही. नाटकात मधला अंक गाळून शेवटाकडे धावणारे नट तुला खपत नसत. विंगेत स्टुलावर बसून तू अशा नटांना मागे ओढून आणायचीस, तेही इतक्या हलक्या आवाजात की पहिल्या रांगेलाही कळायचं नाही. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडायचे आणि संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवीतल्या हौशी नाटक मंडळात विसरलेली वाक्यं. तुझं नाव पडद्यावर किंवा हँडबिलावर कधी आलं नाही. आप्पांना त्याचा राग यायचा. बहिणीच्या जिवावर नाटकं उभी राहतात आणि हार घालून घेणारे वेगळेच, असं ते म्हणायचे. तू म्हणायचीस, प्रॉम्प्टर दिसला तर प्रयोग पडला म्हणून समज, बाळू.

मी चौथीत असतानाचं गणपतीतलं आठवतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि तू हट्टाने मला मराठी कविता पाठ करायला लावली होतीस. दुसऱ्या कडव्यानंतर मी गप्प झाले. आई समोरून हातवारे करत होती, तिला वाक्य द्या, वाक्य द्या. तू विंगेत हातात कागद घेऊन बसलेली आणि ढिम्म. कितीतरी वेळ मंडपात नुसती पंख्याची घरघर. मग मी आपली आपण पुढचं कडवं म्हटलं. घरी आल्यावर आई तुझ्यावर चिडली, पोरीचं हसं होऊ दिलंत म्हणून. तू शांतपणे म्हणालीस, "विसरलेल्याचे डोळे वर जातात. हिचे खाली होते. ही विसरली नव्हती, थांबली होती."

त्यानंतर पाहुण्यांपुढे मी मुकी उभी राहिले की सगळे मला लाजरी म्हणायचे, घुमी म्हणायचे, इंग्रजी शाळेने शिंगं फुटलेली म्हणायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. घरात एका माणसाला ठाऊक होतं, एवढं पुरायचं.

तुझं दुखणं कळलं तेव्हा मला मुंबईच्या लॅबमध्ये लागून वर्ष झालं होतं. अंडाशयाच्या कॅन्सरवरच काम. हा योगायोग मी लॅबमध्ये कुणालाच सांगितला नाही. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं, हे तू कित्येक महिने गॅसवर ढकललं होतंस. या आजाराची रीतच ती. तो आवाज न करता वाढतो. आठ वर्षं मायग्रेनच्या नावाने ओरडणारी तू, यावेळी मात्र ओव्याचा अर्क पिऊन गप्प बसलीस.

ऑपरेशन झालं, आप्पा दिवसभर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून होते. मग केमो. त्या काळात तू माझ्या भाड्याच्या खोलीवर राहिलीस. डॉक्टरांनी औषधात प्लॅटिनम असतं असं सांगितल्यावर तू आप्पांना फोन करून म्हणालीस, जन्मभर सोन्याची चेन म्हणत होतास ना, आता राहू दे, मी प्लॅटिनमवर गेले. आप्पांना हसू आलं नाही. मला आलं, पण मी बाथरूममध्ये जाऊन हसले आणि तिथेच थोडी रडले.

मी लॅबमध्ये करते काय, हे तू तिथेच विचारलंस. अट घातलीस की इंग्रजी शब्द एकच चालेल. मी मायक्रो आरएनए हा शब्द राखून ठेवला आणि उरलेलं तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं. पेशीच्या आत जनुकं निरोप पाठवतात. त्या निरोपाप्रमाणे पेशी काहीतरी बनवते, आणि त्यावर तिचं वाढणं, थांबणं, मरणं ठरतं. मायक्रो आरएनए म्हणजे अगदी तोकडे धागे. त्यांच्यापासून काही बनत नाही. ते फक्त जाऊन एखाद्या निरोपाला चिकटतात आणि निरोप तिथल्या तिथे गप्प होतो. एकेक धागा कितीतरी निरोपांना गप्प करू शकतो. शहाण्या पेशीत हे चांगलंच असतं, सगळेच एकदम बोलायला लागले तर कसं व्हायचं. पण गाठीमध्ये काही धागे जास्त होतात आणि 'आता थांब' म्हणणारे निरोपच दाबून टाकतात. काही कमी पडतात, मग 'वाढ, वाढ' म्हणणारे मोकाट सुटतात.

तू तांदूळ निवडत होतीस. न थांबता म्हणालीस, "म्हणजे माझ्या उलट. मी गप्प झालेल्याला वाक्य देते, हे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतात."

इतकं सोपं करून माझ्या गाइडनेही मला कधी सांगितलं नव्हतं, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तू शेफारली असतीस. मी पुढे सांगितलं की औषधाचंही तसंच आहे. प्लॅटिनम पेशीला आतून इजा करतं, आणि एवढी इजा झालेल्या पेशीने मरावं असा निरोप निघतो. तोच निरोप गप्प केला गेला तर पेशी औषध पचवून जिवंत राहते. तू खो खो हसलीस. एक्झिटचं वाक्यच गाळलं तर नट स्टेजवरून जाणार कसा, म्हणालीस. मग मंडळातल्या एका जुन्या नटाची आठवण काढलीस, ज्याला पहिल्या अंकात मरायचं असायचं आणि जो टाळ्या थांबेपर्यंत मरायचाच नाही. त्यानंतर माझ्या खोलीवर तुझ्या गाठीला त्या नटाचंच नाव पडलं. ते मी इथे लिहीत नाही, त्यांची मुलं रत्नागिरीतच आहेत.

ऑपरेशनच्या आधी गाठीचा तुकडा संशोधनासाठी द्यायला तू होकार दिला होतास. तो तुकडा कुठल्या फ्रीजरमध्ये आहे मला ठाऊक आहे, पण तिथल्या नळ्यांतला तुझा कुठला, हे नाही. नळ्यांवर नावं नसतात, सांकेतिक आकडे असतात, आणि कुठला आकडा कुणाचा हे माझ्यासारखीला कळू नये अशीच व्यवस्था असते. तुला ते कधी पटलं नाही. तुझ्या मते तुझी गाठ माझ्या ओळखीच्या घरी राहायला गेली होती. संध्याकाळी मी परत आले की विचारायचीस, माझी आहे ना बरी? उणे ऐंशीत थंडी वाजत असेल गो तिला.

पहिल्या वेळी औषध लागू पडलं. तू मांडवीला परत गेलीस, डोक्यावर बारीक केस आले, मंडळाच्या तालमीला जाऊन बसायला लागलीस. आणि सहा महिने व्हायच्या आत ते परत आलं. इतक्या लवकर परत आलं तर त्याला प्लॅटिनमला दाद न देणारा कॅन्सर म्हणतात, हे मला पाठ होतं. माझ्या प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर ते वाक्य असतं. डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं. दर आठवड्याला, मुंबईत राहून, कारण आतड्यालाही धोका होता आणि केव्हाही भरती करावं लागलं असतं. काहींना थोडा काळ उपयोग होतो, असं ते म्हणाले. बरं होण्याचं त्यांनी नाव काढलं नाही. तुम्ही घरी विचार करा, म्हणाले.

घरी विचार करायचा म्हणजे काय, ते तुला आणि मला माहीत होतं. आप्पा संगमेश्वरच्या आतल्या आपल्या मूळ गावी गेले आणि ग्रामदेवतेला कौल लावला. मीही होते सोबत. गुरवांनी पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आप्पांकडे वळून म्हणाले, "नेमका काय इचारू?" आप्पांनी जोडलेले हात सोडून पुन्हा जोडले. मग म्हणाले, ताईला मुंबईला न्यावी का, एवढंच विचारा. आम्ही सगळे हात जोडून उभे. बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार.

तात्यांनी, म्हणजे आप्पांच्या चुलतभावांनी, तिथेच नारळ फोडला. आम्ही मांडवीला पोचेपर्यंत गावात बातमी झाली होती की देवाने उजवी दिली, ताई बरी होणार. फोनवर फोन. काकूने तर नवस कसा फेडायचा हेही ठरवून टाकलं.

तू पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलंस आणि आप्पांना विचारलंस की नेमकं काय विचारलं होतंस. त्यांनी सांगितलं. "न्यावी का विचारलंस ना?" तू म्हणालीस. "मग देवाने न्या म्हटलं. बरी होईल का हे कुठे विचारलंस, बाळू?"

आप्पा उठून अंगणात गेले.

ते घाबरले होते, आत्या. तुलाही कळलं होतं. डावी पाकळी पडली असती तर ती घेऊन घरी यायचं कसं, म्हणून त्यांनी ज्याचं उत्तर झेपेल तेवढाच प्रश्न विचारला. पण त्या क्षणी मला आप्पांपेक्षा माझंच जास्त वाईट वाटलं. मीही तेच करते ना. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या गाठींमध्ये कुठला धागा जास्त असतो, हे मी विचारते. त्याचं उत्तर मिळतं, कधी मिळत नाही. पुढचं, एखाद्या आजारी बाईला जाऊन भिडणारं, मी विचारतच नाही.

आणि मग तू माझ्याकडे वळलीस. देवाचा झाला, आता तुझा कौल सांग, म्हणालीस. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, ते संपलंच नाही. मी म्हटलं, आमच्याकडे तसं काही नाही. आम्ही पुष्कळ गाठी बघतो, मग म्हणतो की ज्यांच्यात हा धागा जास्त त्यांच्यात औषध कमी चालताना दिसतं. पण एका माणसाचं त्यावरून सांगता येत नाही. लॅबच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे.

"म्हणजे गावाचं सांगता येतं, घराचं नाही," तू म्हणालीस.

मी म्हटलं, हो, अजून तरी तसंच.

"मग घराने काय करायचं गो?"

  तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. शिकवून काय उपयोग, असं भिंतीला सांगत राहिलीस. मलाही राग आला होता. वाटत होतं, सगळ्या जगाने माझ्याकडून खोटं उत्तर मागितलं तरी हिने मागू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारून ओले काजू आले. तू पडवीत सोलायला बसलीस. पहिल्या केमोपासून तुझी बोटं बधिर होती, त्यामुळे काजूचा चीक लागला तरी तुला समजत नव्हतं. कातडी भाजत होती आणि तू आपली सोलतेस. माझ्या बॅगेत लॅबचे निळे हातमोजे होते. मी ते आणून तुझ्या हातात चढवले. एकेक बोट सरळ करून. तू हात वर धरून पाहिलेस आणि म्हणालीस, आता मी पण शास्त्रज्ञ.

मीही मोजे घालून शेजारी बसले. थोड्या वेळाने तू म्हणालीस की बाळूसारखाच माझाही प्रश्न चुकला होता. देव काय नि तुमची मशिनं काय, विचारलं तेवढंच सांगणार. मग काजूगर वाटीत टाकत, माझ्याकडे न बघता विचारलंस, "मुंबईला गेले तर शिमग्याला गावच्या घरी पालखी येईल तेव्हा मी तिथे असेन का?"

मी गप्प झाले. काजूचं टरफल हातात तसंच. हे मला सांगता येण्यासारखं होतं. मी डॉक्टरांशी बोलले होते, औषध मला माहीत होतं, तुझे रिपोर्ट माहीत होते. फक्त तोंड उघडायचं होतं. तू वर पाहिलंस, माझ्या डोळ्यांकडे. मग पुन्हा खाली मान घालून सोलायला लागलीस. वाक्य दिलं नाहीस.

"नाही, आत्या," मी म्हटलं. "बहुतेक नाही."

"आणि नाही गेले तर?"

"तर बहुतेक असशील. डॉक्टरही तसंच म्हणाले. त्यानंतरचं कुणी सांगत नाही."

"त्यानंतरचं मी विचारलं का?" तू म्हणालीस. आणि मग, वाटी माझ्याकडे सरकवत, "उसळीत खोबरं जास्त घाल. तुझी आई चिक्कूपणा करते."

तू मुंबईला गेली नाहीस. दुखू नये म्हणून, उलटी थांबावी म्हणून, पोटातलं पाणी काढायला म्हणून जे जे रत्नागिरीत होण्यासारखं होतं ते झालं. तिथले डॉक्टर घरी येऊन जायचे आणि तू त्यांना मंडळाची तिकिटं खपवायला लावायचीस. पालखी आली तेव्हा तू गावच्या घरी अंगणात खुर्चीवर होतीस, तुझी ती जांभळी साडी, पायात मोजे. ओटी तू बसूनच भरलीस. मग पालखी आप्पांच्या खांद्यावर आली आणि आप्पा नाचले. गुडघ्याचं दुखणं असलेले, लग्नातही न नाचलेले आप्पा. तू ढोलाच्या आवाजात मला जवळ ओढून कानात म्हणालीस, बघ, याचा पाय चुकतोय. तुझा तो विंगेतला आवाज. एवढ्या ढोलातही मला नीट ऐकू आला.

आंब्याची पहिली पेटी उतरायच्या आत तू गेलीस. त्या सकाळचं मी लिहिणार नाही. तू झोपेत होतीस, आप्पा आणि मी दोन बाजूंना होतो, एवढं पुरे.

आता परवाचं. मंडळाने तालमीच्या खोलीत शोकसभा ठेवली होती. विंगेत असतं तसंच तुझं स्टूल त्यांनी कोपऱ्यात, भिंतीकडे ठेवलं होतं, मध्ये नाही. तुझी माणसं ती. नट बोलले, एक्स्चेंजमधल्या तुझ्या मैत्रिणी बोलल्या. एकीने तू साहेबाच्या घरचा फोन मुद्दाम चुकीचा जोडलास ती गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. मग तात्या उठले. गावचे वडीलधारे म्हणून. ते चांगलं बोलत होते, आणि बोलता बोलता म्हणाले, देवाने उजवी दिली होती. माणसांनी ऐकलं नाही. नशीब एकेकाचं.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण खोली एकदम आप्पांकडे वळली. आप्पा सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. तू गेल्यापासून ते मला रोज काही ना काही विचारतात. न्यायला हवं होतं का, दुसरीकडे दाखवायला हवं होतं का. मला वाटायचं की ते स्वतःशीच बोलतायत. तेव्हा कळलं की गावातून त्यांना हे रोज ऐकू येत होतं. कौल त्यांनी लावला होता, म्हणजे कौल मोडलाही त्यांनीच.

मी उभी राहिले. आणि गप्प झाले. आई खालून माझी ओढणी ओढत होती, बस म्हणून. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, लाजते ती. मी जमिनीकडे बघत होते. सतरंजीचे निळे पट्टे. स्टुलाकडे पाहिलं नाही, पण ते कुठे आहे ते मला समजत होतं. आणि तिथून काही आलं नाही.

मग मी म्हटलं, "तात्या, न्यावी का, एवढंच देवाला विचारलं होतं. देव हो म्हणाला, पण जायचं की नाही हे आत्याचं होतं. तिने मला विचारलं, मी खरं सांगितलं, आणि मग तिने ठरवलं. आप्पांनी नाही. मी तिथे होते."

एवढंच.  तात्या म्हणाले, ताईच ती, आणखी कोण ठरवणार तिचं. आणि खाली बसले. आप्पांनी सतरंजीचा दोरा सोडला. घरी येताना रिक्षात ते मला म्हणाले, काजू होते ना गो त्या दिवशी? उसळीत खोबरं जास्त झालं होतं. मी हो म्हटलं.

काल लॅबमध्ये परत आले. फ्रीजर उघडला की धुकं बाहेर येतं, आणि त्यात त्या नळ्या, सगळ्या सारख्या. त्यातली एक तू आहेस, आणि मला ती ओळखायची नाही. त्यामुळे होतं काय, की कुठल्याच नळीशी मला घाईने वागता येत नाही. घराने काय करायचं, याचं उत्तर या नळ्यांतून मिळायला किती वर्षं लागतील कोण जाणे. मिळालं तर आधी गावाचंच मिळेल. पण गाइडना मी सांगितलंय की पुढच्या कामात प्रश्न मांडताना माझ्याशी थोडं भांडा. का, ते त्यांनी विचारलं नाही.

एक मात्र राहिलं. त्या दिवशी पडवीत तू दोनच प्रश्न विचारलेस, आणि मी दोन्हींचीच उत्तरं दिली. माझाही एक होता. तू शिमग्यासाठी राहिलीस, की आप्पांना मुंबईच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पुन्हा बसायला लागू नये म्हणून राहिलीस? तुला स्वतःला काय हवं होतं? पालखीच्या दिवशी विचारणार होते. नंतर एकदा तुझ्या पायांना तेल लावतानाही. दोन्ही वेळा तू माझ्याकडे पाहिलंस आणि वाट पाहिलीस, आणि मी एकदा पालखीकडे बघत राहिले, एकदा तेल लावत.

विसरले नव्हते, आत्या. थांबले होते.